गरुडाच्या पायातला नंबर आणि खांबावरचा नंबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की रानातले गरुड पकडून त्यांच्या पाठीवर ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बांधायची, पायात कडी घालायची, हा संशोधकांचा हौसेचा खेळ आहे. मुक्या पक्ष्याला जाच आणि जनतेचा पैसा पाण्यात. पत्र वाचून राग आला नाही, कारण त्यातली एक शंका मलाही होती, तिच्याबद्दल पुढे लिहितो. पण बाकीच्या मजकुरावर बोलायला मी अगदीच परका माणूस नाही. मी पक्षितज्ज्ञ नव्हे. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात लाईनमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. आकाशातले गरुड मान वर करून बघायला मला वेळ कमी मिळाला. खांबाखाली पडलेले मात्र बघितले आहेत.

आमच्याकडे थंडीत सकाळच्या वेळी कधीकधी फिडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी लाईन, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. सबस्टेशनचा ऑपरेटर एकदा चार्ज करून, म्हणजे लाईनमध्ये वीज सोडून बघतो. लाईन उभी राहिली तर रजिस्टरला ‘तात्पुरता बिघाड’ अशी नोंद करायची आणि चहाला जायचं. लाईन धरत नसेल तर लाईनमनने मोटरसायकल काढून पेट्रोलिंगला निघायचं, खांबामागून खांब बघत जायचं. कुठं पिन इन्सुलेटर फुटलेला, कुठं जंपर, म्हणजे खांबावरची जोडतार, तुटलेला, कुठं उसाचं पाचट पेटवताना तारेला झळ लागलेली. आणि कुठं खाली काहीतरी मरून पडलेलं. बहुतेक वेळा कावळा, घार, वानर. पण माळाकडच्या लाईनला कधी एखादा भलामोठा तपकिरी पक्षी असायचा, पंख उलगडलेले, पंजा काळा पडलेला. त्याला बांधाकडेला टाकायचं, लाईन दुरुस्त करायची, ‘चार्ज कर’ म्हणून फोन करायचा. त्यांतले काही गरुड होते हे मला माझ्या पुतण्याने फोटो बघून सांगितलं. तो सुटीच्या दिवशी कडबनवाडीच्या माळावर दुर्बीण घेऊन हिंडतो. आता तिथं आणि शिर्सुफळला वनखात्याने माळरान सफारी सुरू केली आहे, लोक पैसे भरून चिंकारा आणि लांडगे बघायला येतात. गरुडही बघतात. गरुड बसलेला असतो आमच्याच खांबावर, कारण माळावर दुसरं उंच काही नसतं.

इथं एक गोष्ट खुलासा करून सांगतो, कारण भल्या शिकलेल्या माणसांचाही यात घोळ असतो. चिमणी तारेवर बसते आणि मरत नाही, तर गरुड का मरावा? चिमणी एकाच तारेला धरून असते. गरुड सहसा तारेवर बसत नाही, तो लोखंडी क्रॉस आर्मवर, म्हणजे खांबावरच्या आडव्या पट्टीवर बसतो आणि तो आर्म अर्थ केलेला, जमिनीशी जोडलेला असतो. आर्म आणि जिवंत तार यांच्यात फक्त चिनी मातीच्या इन्सुलेटरची उंची, म्हणजे वीतभर अंतर. बसताना किंवा उडताना पंख उघडला की एक टोक फेजला, म्हणजे जिवंत तारेला लागतं आणि पाय अर्थवर. पिसं कोरडी असली तर निभावतंही, दवाने भिजली असली तर नाही. कोवळी पोरं जास्त मरतात, कारण त्यांना अजून नीट उतरता येत नाही, तोल सावरायला पंख फडफडवतात. आणि लोक बोट दाखवतात ते हायवेकडेच्या मोठ्या मनोऱ्यांकडे! २२० किंवा ४०० केव्हीच्या मनोऱ्यावर तारा एकमेकींपासून इतक्या लांब असतात, की गरुड तिथं घरटीसुद्धा घालतात. माळढोकाची गोष्ट वेगळी. तो जड पक्षी, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि तो उडताना आदळतो. बसणाऱ्या गरुडाचा काळ म्हणजे शेतातून जाणारी आमची साधी ११ आणि २२ केव्हीची लाईन आणि डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांचा सांगाडा.

आता यंत्राचा यात काय संबंध, ते सांगतो.

समजा मी प्रामाणिकपणे प्रत्येक मेलेला गरुड वहीत लिहिला असता. तरी त्यातून एवढंच कळलं असतं की खांबाखाली गरुड मरतात. किती टक्के मरतात, हे कळलं नसतं. शिवाय रात्रीत कोल्हा किंवा भटकी कुत्री मढं ओढून नेतात, म्हणजे सकाळी खांबाखाली चार पिसं. विष खाऊन ओढ्यात पडलेला गरुड तर लाईनमनला कधीच दिसणार नाही. वीस-पंचवीस पक्ष्यांच्या पाठीवर यंत्र असलं तर प्रत्येकाचं शेवटपर्यंत काय झालं याचा हिशेब लागतो: इतके विजेने, इतके विषाने, इतके भुकेने, इतके अजून उडताहेत. आजारी गावात फक्त प्रेतं मोजून भागत नाही, जिवंत माणसांचीही नोंद लागते. त्या पत्रलेखकांनी हा मुद्दा सोडूनच दिला आहे.

स्कॉटलंडचं उदाहरण घ्या. तिथं २००४ ते २०१६ या काळात १३१ सोनेरी गरुडांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली होती. सरकारने २०१७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा निघालं की त्यांतले ४१, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश, संशयास्पद रीतीने गायब झाले. यंत्र बिघडलं तर आधी ते कुरकुरतं, बॅटरी उतरल्याची खूण येते. ही यंत्रं मात्र ठणठणीत चालता चालता एका क्षणी बंद पडली होती. आणि अशा जागा नकाशावर टाकल्या तर त्या विखुरलेल्या नव्हत्या. श्रीमंतांच्या शिकारीसाठी ग्राऊझ नावाचे पक्षी राखतात अशा काही ठरावीक माळांच्या आसपास त्या गोळा झाल्या होत्या. २०२० मध्ये तर नदीच्या काठी एक यंत्र सापडलं, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून पाण्यात टाकलेलं, म्हणजे सिग्नल बाहेर जायला नको. त्याचा गरुड २०१६ पासून बेपत्ता होता. पुढे २०२४ ला तिथं कायदा झाला आणि त्या शिकारीला परवाना सक्तीचा झाला. हौसेच्या खेळातून एवढं निघत असेल तर हौस वाईट नाही.

पैशाबद्दलही त्यांनी लिहिलं आहे. पैसा लागतो, खरं आहे, आणि कधीकधी तो भलत्याच वाटेने जातो. रशियात नोवोसिबिर्स्कच्या संशोधकांनी स्टेप गरुडांच्या पाठीवर मोबाईलच्या सिमवर चालणारी यंत्रं बसवली. यंत्र जागेची नोंद करून ठेवतं आणि रेंज आली की एसएमएस पाठवतं. २०१९ मध्ये त्यातला मिन नावाचा गरुड उन्हाळाभर कझाकस्तानात रेंजबाहेर राहिला आणि तिथून थेट इराणात गेला. तिथं रेंज लागली आणि साठलेले सगळे मेसेज रोमिंगच्या दराने सुटले. कझाकस्तानातून एका एसएमएसला १५ रूबल लागले असते, इराणातून ४९. संशोधकांचा वर्षाचा पैसा संपत आला. मग त्यांनी ‘गरुडाचा मोबाईल रिचार्ज करा’ म्हणून लोकांना हाक दिली, लोकांनी पैसे पाठवले आणि शेवटी मोबाईल कंपनीनेच थकबाकी भरून स्वस्तातला प्लॅन दिला. हे वाचून मी हसलो. पण हा स्टेप गरुड आपल्याला परका नाही. बिकानेरजवळ जोरबीडला मेलेल्या ढोरांच्या मैदानावर तो थंडीत शेकड्यांनी जमतो. जगभरात त्याची संख्या घटली म्हणून २०१५ पासून त्याला धोक्यातल्या पक्ष्यांत धरतात. तो मुळात सपाट गवताळ मुलखातला, जमिनीवर घरटं करणारा, आणि कझाकस्तानच्या माळावरसुद्धा तो मरतो तो अशाच मधल्या दाबाच्या लाईनच्या खांबांवर. म्हणजे तिकडचा लाईनमन आणि मी, आम्ही दोघं एकाच जातीचा पक्षी बांधाला टाकत आलो असू.

आता जाचाबद्दल, म्हणजे त्या माझ्या शंकेबद्दल. पुतण्याला मी हेच विचारलं होतं. कमरेला सेफ्टी बेल्ट बांधून आयुष्य काढलेल्या माणसाला पट्टा कुठं काचतो ते सांगावं लागत नाही. त्याने सांगितलं ते असं. यंत्र आणि पट्टा मिळून पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायचं असा सर्वसाधारण नेम आहे; तीन किलोच्या गरुडाला नव्वद ग्रॅमच्या वर नाही. पट्टा टेफ्लॉनच्या गुळगुळीत फितीचा, दप्तरासारखा दोन्ही खांद्यांवरून घेतात. वर सौर पट्टी असते, बॅटरी तीच भरते. पिलाला बसवायचं तर ते उडायच्या थोडं आधी, अंग भरल्यावर. कोणीतरी दोराने घरट्यापर्यंत चढतं, पिलू पिशवीतून खाली आणतं, डोळ्यांवर चामड्याची टोपी घालतात म्हणजे ते शांत राहतं, आणि काम उरकून परत वर ठेवतात. आपल्याकडे हे करायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तरीही चुकीचा बांधलेला पट्टा पक्ष्याला इजा करतो, काही जातींना यंत्राचा त्रास झाल्याचे अभ्यास आहेत, हे त्याने लपवलं नाही. माझं मत असं झालं, की हे काम शिकलेल्या हातांनीच आणि मोजक्या पक्ष्यांवर व्हावं. आणि यंत्र बसवणाऱ्याने बसवून फोटो काढला की जबाबदारी संपली असं होऊ नये. पक्षी मेला तर कुठं, कशाने, हे त्याने जाहीर सांगितलं पाहिजे. नाहीतर त्या गृहस्थांचा आक्षेप खरा ठरेल.

पायातली कडी ही त्या मानाने साधी आणि जुनी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आपल्याकडे १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालायला सुरुवात केली. हलकी ॲल्युमिनियमची कडी, तिच्यावर नंबर आणि संस्थेला कळवा अशा अर्थाची अक्षरं. तिला बॅटरी नाही, सिम नाही. ती बोलते फक्त कोणीतरी वाचली तर. माझ्यासारख्या किती लोकांनी किती कड्या न वाचता बांधाला टाकल्या असतील, देव जाणे.

आणि वाचल्या तरी भलतंच होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात कारवारला पाठीवर यंत्र असलेलं एक गिधाड उतरलं. जवळ नौदलाचा तळ, त्यामुळे हेरगिरीची कुजबुज सुरू झाली. चौकशीत निघालं की ते आपल्याच ताडोब्याचं, महाराष्ट्राच्या वनखात्याने अभ्यासासाठी सोडलेलं. त्याच तुकडीतलं दुसरं एक तमिळनाडूत पुदुकोट्टईपर्यंत जाऊन पोचलं होतं. गिधाड म्हणजे गरुड नव्हे, पण यंत्र तेच आणि आपली घबराटही तीच. ज्या पक्ष्याच्या अंगावर मालकाचा नंबर छापलेला आहे त्याला हेर समजणं हा गमतीचा भाग. गावातल्या पोरांनी त्या भीतीपोटी दगड घातला असता तर ती गंमत राहिली नसती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. अमेरिकेत साधारण १९७० च्या सुमारास वायोमिंग आणि कोलोरॅडो भागात शेकड्यांनी गरुड मेलेले सापडले. विष आणि गोळ्या ही कारणं होतीच, पण शोध घेताना काही खांबांखालीही सापडले. तेव्हा आयडाहोच्या वीज कंपनीने मॉर्ली नेल्सन नावाच्या माणसाला गाठलं. हा काही विजेचा इंजिनिअर नव्हता. पोटापाण्याला तो सरकारी खात्यात डोंगरावरचं बर्फ मोजायचा आणि छंद म्हणून ससाणे आणि गरुड पाळायचा. त्याने बॉयसी गावाजवळ खोटे खांब उभे करून घेतले. खांब खरे, आर्म खरे, तारा खऱ्या, फक्त प्रवाह नाही. मग आपले शिकवलेले गरुड त्या खांबांवर पुन्हा पुन्हा उतरवले आणि त्याचं चित्रण केलं. कुठल्या जागी बसायला त्यांना आवडतं, उतरताना पंख कुठवर जातो, उडताना कुठल्या दोन तारांना लागतो, सगळं इंजिनिअरांना पडद्यावर दाखवलं. त्यातून साठ इंचांचा नेम निघाला: फेज ते फेज किंवा फेज ते अर्थ, मध्ये पाच फूट मोकळे ठेवा. ही लांबी पंखांच्या टोकांची नाही, पंखांच्या मनगटापासून मनगटापर्यंतची आहे, कारण पुढची कोरडी पिसं वीज सहसा वाहू देत नाहीत. १९७५ ला ते मार्गदर्शक म्हणून छापून आलं आणि तिथल्या वीज कंपन्यांनी ते वापरायला घेतलं. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की त्याने कंपनीला शिव्या घातल्या नाहीत आणि लाईन बंद करा असंही म्हटलं नाही. खांबावर काय बदलायचं ते इंचात सांगितलं. लाईनमनला इंचातलं कळतं.

स्पेनमध्येही असंच झालं. तिथल्या इम्पीरियल गरुडाच्या १९६० च्या दशकात जेमतेम तीसेक जोड्या उरल्या होत्या. तरुण पक्ष्यांना रेडिओ यंत्रं लावून मागोवा घेतल्यावर कळलं की डोन्याना राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात ते विजेच्या खांबांवर मरताहेत. खांब बदलले, जंपर झाकले, २००८ मध्ये सरकारने पक्ष्यांसाठी लाईन कशी असावी याचा नियमच काढला. आज आठशेच्या वर जोड्या आहेत. त्याचं सगळं श्रेय खांबांना देता येणार नाही, विषबंदी आणि सशांची, म्हणजे त्यांच्या खाद्याची व्यवस्था हेही आहे. पण खांब तसेच ठेवून हे झालं नसतं.

आपल्या लाईनवर तारांमधलं अंतर पाच फुटांच्या जवळपासही जात नाही आणि लाखो खांब बदला असं म्हणायला मी वेडा नाही. खर्च काय असतो ते मी बघितलं आहे. सगळे खांब मारतही नाहीत. माळाच्या कडेचा, उंचवट्यावरचा, एबी स्विचचा, म्हणजे लाईन तोडायच्या स्विचचा, किंवा डीपीचा, जिथं जंपर आर्मच्या वरून गेला आहे असा खांब मारतो, आणि तोच तो पुन्हा मारतो. तेवढ्या खांबांच्या जंपरना आणि डीपीच्या बुशिंगना, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या तारजोडणीच्या टोकांना, इन्सुलेशनची नळी किंवा टोपी चढवायची. मान्सूनपूर्व देखभालीत लाईन बंद ठेवायचं परमिट घेतलेलंच असतं, त्यातच होणारं हे काम आहे. यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. शेतीपंपाला आठ तास वीज, त्यात एका पक्ष्यापायी फिडर दोन तास बंद पडला तर बारं अर्ध्यावर राहतं.

पण कुठले खांब? हे सांगणारी दोन माणसं आहेत आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. एक संशोधक, त्याच्या संगणकावर गरुड रात्री कुठल्या खांबावर बसतो तो ठिपका आहे. दुसरा लाईनमन, त्याला मेलेला पक्षी कुठं पडला होता ते माहीत आहे. प्रत्येक खांबावर रंगाने नंबर घातलेला असतो. ट्रिपिंग रजिस्टरला ‘पक्षी’ एवढ्या शब्दाऐवजी कुठला पक्षी, कुठला खांब, पायात कडी होती का, असे तीन रकाने आखायला कुठल्या मंत्रालयाची मंजुरी लागत नसावी. आता प्रत्येक लाईनमनच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आहे. एक फोटो पक्ष्याचा, एक खांबाच्या नंबरचा, आणि तो वनरक्षकाला पाठवायचा. संशोधकांनी त्यांच्याकडचे ठिपके वर्तमानपत्रात छापू नयेत, फासेपारधी आणि हौशी फोटोग्राफर दोघेही तिथं धावतील. पण वीज खात्याच्या सेक्शन ऑफिसच्या साहेबाला जरूर द्यावेत. नोकरीत असताना मी अशी सूचना वर करून बघितली होती. ‘तुला लाईन बघायची का पाखरं?’ असं उत्तर आलं. लाईन बघताना पाखरं दिसतातच, साहेब.

वाचकांना एक कळकळीची सूचना. खांबाखाली मोठा पक्षी पडलेला दिसला किंवा तारेला लटकलेला दिसला तर काठी घेऊन जवळ जाऊ नका, कडी बघण्याच्या मोहात तर मुळीच नाही. तार तुटून गवतात पडलेली असू शकते आणि ती जिवंत असते. लांबून फोटो काढा, खांबाचा नंबर टिपा, वीज कार्यालयाला आणि वनखात्याच्या १९२६ या फुकटच्या नंबरला कळवा. पक्षी जिवंत असेल आणि पायात कडी किंवा पाठीवर यंत्र असेल तर ते काढायचं नाही, कापायचं नाही. नंबर नीट वाचता आला तर तोही सांगा.

इंदापूर तालुक्याच्या माळाकडेचे जे खांब मला आठवतात त्यांची यादी मी पुतण्याच्या मदतीने करायला घेतली आहे. नंबर बदलले असतील तिथं गट नंबर आणि जवळची विहीर लिहिली आहे. वीज खातं, वनखातं किंवा गरुडांचा अभ्यास करणारे कोणी, ज्याला हवी असेल त्याने आपल्या कार्यालयातून माझा पत्ता घ्यावा. खांब दाखवायला मी सोबत येईन, मोटरसायकल माझी.

आपला,
एक निवृत्त लाईनमन
ता. इंदापूर, जि. पुणे